पंख हवा सोडतो तेव्हा

(डॉ. वि. मा. घाटगे यांच्या स्मरणार्थ बेंगळुरू इथे दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत ते डॉ. विष्णू माधव घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूर चंपू या गावचे. १९३०च्या दशकात ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एक छोटा निबंध वाचला होता. वाहत्या हवेचा एक अगदी पातळ थर पृष्ठभागाला धरून असतो आणि काही परिस्थितीत तो पृष्ठभाग सोडून देतो, हे त्यांनी त्यात मांडलं. माझ्या आजच्या विषयाचं मूळ त्या निबंधात आहे. पंखाच्या पाठीवरून हवा सुटली की वैमानिक त्याला स्टॉल म्हणतात. ती एका पंखावरून जास्त आणि दुसऱ्यावरून कमी सुटली आणि विमान गरगरत खाली येऊ लागलं, की तो स्पिन.

घाटगे पुढे बेंगळुरूला आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साथीनं २३ डिसेंबर १९४० रोजी इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली होती. १९४२ साली भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या सुरुवातीच्या शिक्षकांत घाटगे होते. स्वतंत्र भारतात त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान तयार झालं आणि ऑगस्ट १९५१मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा हवेत नेलं. दोन माणसं एकामागे एक, खाली बसवलेला पंख, न मिटणारी चाकं, आणि कसरतींना पुरेल असा मजबूत सांगाडा. भारतात आखलेलं आणि इथेच बांधलेलं हे पहिलं इंजिनवालं विमान शिकाऊ मुलांसाठी होतं, याचं मला फार मोल वाटतं. लढाऊ विमान तयार वैमानिकाच्या हाती जातं. शिकाऊ विमान चुका करणाऱ्याच्या हाती जातं, म्हणून त्याच्या आराखड्यातच चुकांसाठी जागा धरून ठेवावी लागते. चुकलेल्या मुलाला ते परत जमिनीवर आणू शकलं पाहिजे.

माझं आयुष्य शिकवण्यात गेलं. त्यामुळे आजचा विषय मी संशोधकाच्या अंगानं मांडणार नाही. स्पिनमध्ये सापडलेल्या माणसाला नेमकं काय माहीत असावं लागतं, आणि ते त्याच्या अंगात कधी आणि कसं उतरवायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

पहिली गोष्ट स्टॉलची. विमान हळू झालं की पडतं, असा सर्वसाधारण समज आहे. कित्येक शिकाऊ मुलंही परीक्षा पास होईपर्यंत तोच धरून बसतात. खरं तर पंख स्टॉल होतो तो वेगामुळे नव्हे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, मर्यादेबाहेर गेला की तो स्टॉल होतो. लहान विमानात ही मर्यादा साधारण १५-१६ अंशांची. नाक आकाशाकडे असो वा जमिनीकडे, वेग कमी असो वा भरपूर, कोन ओलांडला की हवा सुटलीच. साठ अंश कलून उंची राखत वळण घेतलं, तर पंखावर विमानाच्या दुप्पट वजनाचा भार येतो आणि स्टॉलचा वेग सुमारे १.४ पटीनं वाढतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान या वळणात ७० नॉटलाच स्टॉल होतं. काट्यावर आकडा चांगला दिसत असतो, म्हणून मूल निश्चिंत असतं.

स्पिनला स्टॉलखेरीज आणखी एक गोष्ट लागते. विमानाचं नाक डावीकडे किंवा उजवीकडे ओढलं जात असावं लागतं. रडरचं पेडल चुकीचं दाबलं गेलं किंवा वेळेवर दाबलं गेलं नाही, की ते होतं. स्टॉलच्या वेळी नाक असं ओढलं गेलं, तर आतल्या बाजूचा पंख बाहेरच्यापेक्षा जास्त खोल स्टॉल होतो. त्याची उचल कमी होते आणि विरोध वाढतो, म्हणून तो आणखी खाली आणि मागे जातो. खाली गेल्यानं त्याचा कोन आणखी वाढतो. हे चक्र आपलं आपण चालू राहतं, त्याला वैमानिकाच्या मदतीची गरज उरत नाही.

विमानं उडू लागल्यावर सुरुवातीची काही वर्षं स्पिन म्हणजे मृत्यू असंच समीकरण होतं. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये, सॅलिसबरीच्या पठारावर, लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचं ॲव्ह्रो विमान उतरता उतरता गरगरू लागलं. नाक वर यावं म्हणून त्यांनी स्टिक ओढली, रडर वळणाच्याच दिशेला दिलं. त्या काळची समजूत तीच होती. काही उपयोग होईना. जमीन जवळ आली तेव्हा दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी रडर पूर्ण उलट दिलं आणि विमान सरळ झालं. तेव्हा ते जमिनीपासून अवघ्या ५० फुटांवर होते. पाहणाऱ्यांत जाणती माणसं होती, त्यांनी लगेच सगळं तपशीलवार लिहून घेतलं. पार्क मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका अपघातात गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात फार्नबरोच्या सरकारी कारखान्यात फ्रेडरिक लिंडमन या भौतिकशास्त्रज्ञानं स्वतः उडायला शिकून मुद्दाम स्पिनमध्ये विमान घातलं आणि फिरत असताना उपकरणांवरचे आकडे टिपले. स्पिनची भीती तिथून कमी होऊ लागली. धाडस बाकीच्यांकडेही होतं. लिंडमनना स्पिनमध्ये जाण्याआधी काय मोजायचं ते ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या धाडसातून पुढच्यांना वापरता येईल असं काही हाती लागलं.

आता मुलाला पहिल्यांदा स्पिनमध्ये नेतात तेव्हा काय होतं, ते थोडं जवळून पाहू. समजा, सेसना १५२ आहे. उंची भरपूर आहे, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केलेली आहे. थ्रॉटल मागे घेतलं, नाक हळूहळू वर नेलं. इंजिनाचा आवाज मंदावतो आणि वारा सुस्कारे टाकल्यासारखा ऐकू येऊ लागतो. डाव्या पंखातली स्टॉलची शिट्टी कुरकुरू लागते, मग सलग वाजते. स्टिक, म्हणजे सेसनात योक, पोटाशी येते. त्या क्षणी एक पेडल तळापर्यंत दाबलं की विमान खांद्यावरून पडल्यासारखं उलथतं. क्षितिज वरच्या काचेकडे निघून जातं आणि समोर निव्वळ जमीन दिसते, तीही फिरणारी. हेसरघट्ट्याचा तलाव एका बाजूनं येतो, दुसऱ्या बाजूनं जातो, पुन्हा येतो. शेजारून शिक्षकाचा आवाज येतो: एक... दोन... आणि वेगाचा काटा? तो जवळजवळ जागेवरच आहे. विमान जमिनीकडे तोंड करून चाललंय, तरी वेग वाढत नाही. इथेच मुलाचा गोंधळ उडतो. स्पिन आणि गोत्यासारखा सर्पिल उतार, ज्याला स्पायरल म्हणतात, यांतला फरक या काट्यावरच कळतो. स्पायरलमध्ये पंख उडत असतो, वेग भराभर वाढतो आणि उपाय वेगळा असतो. स्पिनचा उपाय स्पायरलमध्ये केला तर वेग आणखी चढून विमानाचा सांगाडाच धोक्यात येतो. म्हणून पहिली नजर वेगाच्या काट्यावर.

दुसरी नजर फिरण्याच्या दिशेवर. ती नाकापुढच्या जमिनीवरून किंवा टर्न इंडिकेटरच्या काट्यावरून ओळखायची. त्याच उपकरणातल्या गोळीवर स्पिनमध्ये विसंबायचं नाही. ती उपकरणफळ्यावर कुठे बसवलेली आहे त्याप्रमाणे एकाच बाजूला पडून राहू शकते. विमान उलटं होऊन स्पिनमध्ये गेलं असेल तर याचं महत्त्व आणखी वाढतं. उलट्या स्पिनमध्ये लोळणं एका दिशेला दिसतं आणि नाक ओढलं जात असतं दुसऱ्या दिशेला. डोळा लोळण्याकडे जातो, पाय चुकीच्या पेडलवर पडतो.

मग उपाय. थ्रॉटल बंद. एलेरॉन, म्हणजे पंखांच्या टोकाकडची हलती पाती, मध्यावर. फिरण्याच्या उलट दिशेला पूर्ण रडर, पेडल टेकेपर्यंत. रडर तिथे पोचल्यावर स्टिक झटकन पुढे, स्टॉल मोडेल इतकी. फिरणं थांबेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. थांबलं की रडर मध्यावर आणून सावकाश बाहेर काढायचं. ऐकायला चार ओळी आहेत. पण यातली प्रत्येक कृती शरीराच्या ओढीविरुद्ध आहे. विमान पडत असताना थ्रॉटल बंद करायला मन धजत नाही, तरी करावं लागतं, कारण इंजिनाचा जोर नाक वर ढकलून स्पिन सपाट करू शकतो. पंख पडला की हात आपोआप एलेरॉनकडे जातो, आणि स्टॉल झालेल्या पंखावर एलेरॉन बऱ्याचदा उलटंच काम करतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, समोर जमीन भरलेली असताना स्टिक जमिनीकडे ढकलायची.

क्रमालाही कारण आहे. रडरच्या आधी स्टिक पुढे नेली, तर काही विमानांत फिरण्याचा वेग वाढतो, शिवाय स्टिकनं हलणाऱ्या एलेव्हेटरच्या आड रडरला मिळणारी हवा कमी होऊ शकते. आणखी एक गोष्ट मी दरवेळी दोनदा सांगत आलो. योग्य उपाय केल्यानंतरही, बाहेर येण्याच्या आधी क्षणभर विमान आणखी जोरानं फिरतं. फुगडी घालताना दोघी जवळ आल्या की गती वाढते, तसं नाक खाली गेलं की वस्तुमान अक्षाजवळ येतं आणि गती वाढते. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. तो रडर सोडतो, दुसरंच काही करू लागतो, आणि बाहेर येणारं विमान पुन्हा आत ढकलतो. ज्याला माहीत आहे तो पाय दाबून ठेवतो. हे ज्ञान जमिनीवरच पक्कं व्हायला हवं. त्या दोन सेकंदांत नव्यानं काही शिकायची उसंत नसते.

स्टिक ओढण्याची ओढ किती खोल असते, याचं उदाहरण मोठ्या विमानातलंही आहे. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान कोसळलं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. त्यानंतर विमान सुमारे ३८,००० फुटांवर स्टॉल झालं आणि साधारण साडेतीन मिनिटं स्टॉलमध्येच खाली येत राहिलं. त्या अवधीत बहुतेक वेळ स्टिक मागे ओढलेली होती. २२८ माणसं गेली. ते वैमानिक अडाणी नव्हते. पण स्टॉलमधून बाहेर येण्याचा सराव त्यांच्या हाताला त्या उंचीवर झालेला नव्हता.

मी मघाशी सेसनाचा क्रम सांगितला. तो इतर विमानांना तसाच लागू होईल असं धरू नका. पिट्ससारख्या कसरतीच्या विमानात थ्रॉटल बंद करून स्टिक अजिबात सोडून देणं आणि उलट रडर देणं, ही पद्धत प्रसिद्ध आहे, आणि ती प्रत्येक विमानात चालत नाही. कुठे स्टिक पूर्ण पुढे लागते, कुठे थोडीच. काही विमानांत जाणूनबुजून स्पिन करायलाच मनाई असते. विमानाची पुस्तिका हाच शेवटचा शब्द. आणि तीही विशिष्ट वजनाला, विशिष्ट भारमध्याला लागू असते. मागच्या बाकावर माणूस बसवला, मागे सामान ठेवलं, की भारमध्य मागे सरकतो आणि स्पिन सपाट होण्याची शक्यता वाढते. सेसना १७२मध्ये म्हणूनच मागे माणूस बसलेला असताना स्पिन करता येत नाही. वजनाचा तक्ता कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलांना मी नेहमी हेच सांगतो.

विमानाचं शेपूट कसं आहे यावर किती अवलंबून असतं, याचा मोठा धडा याच शहरात गिरवला गेला. घाटगे यांच्या देखरेखीखाली सुरू झालेलं किरण हे जेट शिकाऊ विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी पहिल्यांदा उडवलं. ज्यांचं नाव या शहरातल्या रस्त्याला आहे, तेच दास. किरणनं पिढ्यान्‌पिढ्या वैमानिक घडवले. त्याच्या जागी यायचं म्हणून हिंदुस्थान एअरोनॉटिक्सनं एचजेटी-३६ सितारा हे विमान केलं. ते ७ मार्च २००३ रोजी उडालं, फार लवकर उडालं म्हणून कौतुकही झालं. पुढे स्टॉल आणि स्पिनमध्ये ते हवं तसं वागेना, आणि प्रकल्प वर्षानुवर्षं अडला. शिकाऊ जेटला स्पिनमधून खात्रीनं बाहेर येण्याचा गुण नसेल तर बाकीचे सगळे गुण वाया, कारण मुलं त्यात स्पिन शिकणार असतात.

यातलं कारण जमिनीवरून कळायला अवघड, पण समजावता येईल असं आहे. स्पिनमध्ये हवा विमानाला समोरून न लागता खालून लागते. आडव्या शेपटाचा सुटलेला, गढूळ झालेला वारा उभ्या शेपटावर आणि रडरवर पडला, तर रडर असून नसल्यासारखं होतं. रडरचा किती भाग स्वच्छ हवेत राहतो, यावर सगळं ठरतं. अभियंत्यांनी उभं शेपूट मागे सरकवलं आणि रडर वाढवलं. शेपटाकडे स्पिन मोडणारं पॅराशूट बसवलं. रडर कमी पडलं तर ते उघडून शेपूट मागे खेचायचं, फिरणं थांबलं की कापून टाकायचं, अशी त्याची योजना. बदललेलं विमान एप्रिल २०१९मध्ये पुन्हा उडालं. आधी एक फेरी, मग दोन, असं वाढवत जानेवारी २०२२पर्यंत डावीकडे आणि उजवीकडे सहा-सहा फेऱ्यांचे स्पिन पुरे झाले. त्याआधी, २०२०मध्ये, एचटीटी-४० या टर्बोप्रॉप शिकाऊ विमानानंही सहा फेऱ्यांचा स्पिन दाखवला होता.  सितारा फेब्रुवारी २०२५मध्ये यशस या नावानं लोकांसमोर आलं.

स्पिनच्या त्या चाचणी-उड्डाणांविषयी वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. माझ्या दृष्टीनं इथल्या विमानविद्येतल्या अतिशय मोलाच्या कामांपैकी ते एक आहे. जे विमान बाहेर येईल की नाही हेच तपासायचं आहे, त्यात बसून परीक्षक वैमानिक मुद्दाम आत शिरतो. जमिनीवर अभियंते आकडे बघत बसलेले असतात. सहाव्या फेरीत कळलेली गोष्ट शेवटी पुस्तिकेतली एक ओळ होते, आणि ती ओळ वीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा विश्वासानं पाठ करतो. प्रांटलच्या निबंधापासून त्या ओळीपर्यंतची साखळी कुठेही तुटून चालत नाही.

आता उंचीविषयी, आणि इथे मी बेंगळुरूकर म्हणून बोलतो. आपला जुना विमानतळ समुद्रसपाटीपासून २,९०० फुटांच्या वर आहे. जक्कूरही साधारण तेवढंच. सेसना १५२ची पुस्तिका सांगते की एका फेरीच्या स्पिनला आणि त्यातून बाहेर यायला किमान १,००० फूट धरा, सहा फेऱ्यांना याच्या दुपटीहून थोडं अधिक, आणि शक्यतो सगळं जमिनीपासून ४,००० फूट किंवा त्याहून वर संपलं पाहिजे. ही उंची जमिनीपासूनची. समुद्रकाठच्या जुहूला शिकलेला मुलगा इथे आला आणि अल्टिमीटर ६,००० दाखवतोय म्हणून खूश झाला, तर त्याच्या खाली प्रत्यक्षात ३,००० फूटच आहेत. आणि जमिनीपासून ६,००० फूट हवे असतील तर अल्टिमीटर ९,००० दाखवेल, त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशच असते. विरळ हवेत फिरणं थांबवायला मदत कमी मिळते आणि बाहेर काढताना खरा वेग जास्त असतो, म्हणजे उंचीही जास्त जाते.

हा हिशोब चुकला की काय होतं, हे अमेरिकेच्या थंडरबर्ड्स या हवाई कसरतींच्या पथकाच्या एका अपघातात दिसलं. १४ सप्टेंबर २००३ रोजी आयडाहोमधल्या माउंटन होम तळावर एका वैमानिकानं उड्डाणानंतर लगेच विमान उलटं करून खाली ओढण्याची कसरत सुरू केली. त्यांचा घरचा तळ नेलिस माउंटन होमपेक्षा सुमारे १,१०० फूट खाली आहे, आणि डोक्यातला हिशोब तिथला होता. जमिनीपासून २,५०० फूट लागणार होते, ते १,६७० फुटांवरूनच उलटे झाले. आदळण्याआधी एक सेकंदही उरला नसताना ते विमानाबाहेर फेकले गेले आणि वाचले. माउंटन होमची उंची जवळपास ३,००० फूट आहे, म्हणजे आपल्याएवढीच. एअरो इंडिया या विमानप्रदर्शनाच्या वेळी येलहंक्याला बाहेरगावची पथकं येतात, तेव्हा मला नेहमी ही गोष्ट आठवते.

आणि जिथे उंचीच नाही, तिथे काय? बहुसंख्य जीवघेणे स्पिन सरावाच्या उंचीवर होत नाहीत. ते उतरताना, धावपट्टीकडचं शेवटचं वळण घेताना होतात. वारा मागून आहे, वळण चुकलंय, धावपट्टी निसटतेय. जास्त कललं तर वाईट दिसेल म्हणून मूल रडर दाबून नाक आत ओढतं. नाक खाली जातं, म्हणून स्टिक ओढतं. पंख पडू लागतो, म्हणून एलेरॉन उलट देतं. स्पिनला लागणारं सगळं साहित्य जमा झालं, आणि खाली ५०० फूट आहेत. पुस्तिकेत तर हजार लागतात. इथे वरचे चार उपाय निरुपयोगी आहेत. इथे लागतं ते आधीचं ज्ञान: विमान स्टॉलच्या जवळ आलं की स्टिक कशी हलकी लागते, पेडलवर पाय कसा पडतो, शिट्टी कशी वाजते, आणि त्याच क्षणी वळण सोडून देऊन पुन्हा फेरी घ्यायची. वर जाऊन स्पिन शिकवायचा तो खाली ओळखता यावा म्हणून. ज्यानं एकदा स्पिन आत शिरताना अनुभवला आहे, त्याला त्याची चाहूल पुस्तक वाचलेल्यापेक्षा लवकर लागते.

कसरतींबद्दल आता थोडं बोलतो, कारण तोही याच ज्ञानाचा पुढचा भाग आहे. सूर्यकिरण पथक मे १९९६मध्ये बीदरला उभं राहिलं, ते आपल्याच किरण विमानांवर.  त्यांची नऊ विमानं पाहताना लोकांना वाटतं हे जिवावरचं धाडस आहे. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक क्षण आधी ठरलेला असतो. लूप घेताना माथ्यावर किती उंची आणि किती वेग हवा हे ठरलेलं असतं, आणि तिथे तो आकडा नसेल तर खाली ओढायचं नाही, लोळून सरळ व्हायचं. हा निर्णय माथ्यावर पोचण्याआधीच झालेला असतो.

नव्या माणसाला दोन-तीन गोष्टी सांगाव्याच लागतात. कसरतीच्या वर्गातलं विमान साधारणपणे +६ आणि -३ जी भार सहन करतं, नेहमीच्या वर्गातलं +३.८. पण ते आकडे सरळ ओढण्याचे. ओढता ओढता लोळवलं तर मर्यादा बरीच कमी होते. शरीराचाही हिशोब आहे. चार जी भाराला ७० किलोचा माणूस २८० किलोचा होतो, रक्त पायांकडे जातं, आधी रंग जातात, मग बाजूची नजर, मग शुद्ध. उलट्या उड्डाणानंतर लगेच जोरात ओढलं, तर शुद्ध नेहमीपेक्षा कमी भारालाही जाते. म्हणून उलटी आणि सुलटी कसरत जोडताना जास्त जपावं लागतं. आणि उड्डाणाआधी खिसे रिकामे. पेन, नाणं, किल्ली, मोबाइल. उलट्या विमानात पेन छताला जातं आणि परतताना पेडलच्या खाली, दुव्यांच्या फटीत जाऊन बसतं. उड्डाणाआधी मुलांचे खिसे रिकामे करून घेताना त्यांना अपमान वाटतो. वाटू दे.

१९ फेब्रुवारी २०१९ रोजी एअरो इंडियाच्या आदल्या दिवशी येलहंक्यावर सराव करताना सूर्यकिरणची दोन विमानं, तोवर किरणच्या जागी आलेली हॉक, एकमेकांना लागली आणि विंग कमांडर साहिल गांधी मृत्यू पावले. दुसऱ्या विमानातले दोघे बचावले. दुसऱ्या दिवशी याच शहरात प्रदर्शन सुरू झालं. ज्ञान कितीही असलं तरी या कामातला धोका शून्य होत नाही. म्हणून ज्ञानात काटकसर करायची मुभा कुणालाच नाही.

आता मुलकी वैमानिकांकडे येतो, कारण चिंता तिथे आहे. १९४९ साली अमेरिकेनं खाजगी वैमानिकाच्या परवान्यातून स्पिनची अट काढली. कारखान्यांनी स्पिनमध्ये सहज न जाणारी विमानं करावीत हा त्यामागचा विचार होता, आणि तो चूक नव्हता. सिरस विमानात तर अख्ख्या विमानाचं पॅराशूट आहे, आणि स्पिन झाला तर तेच उघडा असं पुस्तिका सांगते. गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी मुलं डायमंड डीए-४०वर शिकतात. ते उत्तम, सुरक्षित विमान आहे आणि त्यात मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे. त्यामुळे एखादी मुलगी चांगले गुण मिळवून, एअरलाइनमध्ये जाऊन, शेकडो प्रवाशांची जबाबदारी घेते आणि तिनं आयुष्यात एकदाही उलटं क्षितिज पाहिलेलं नसतं. यात तिचा दोष नाही, संस्थेचाही नाही. विमान बदललं आणि त्याबरोबर शिक्षणातला एक तुकडा गळून पडला.

सिम्युलेटरवर भागेल, असं काही जण म्हणतात. सिम्युलेटर क्रम शिकवतो, आणि तो शिकवायलाच हवा. पण हलणाऱ्या पेटीत शरीराला दोन जी भार लागत नाही, पोटात गोळा येत नाही, आणि स्टिक पुढे ढकलताना जी भीती हाताला अडवते ती येत नाही. युरोपनं डिसेंबर २०१९पासून यावर एक मार्ग काढला. अनेक वैमानिकांच्या विमानावर पहिल्यांदा जाणाऱ्याला किमान ५ तासांचा वर्ग आणि किमान ३ तासांचं खऱ्या विमानातलं प्रशिक्षण घ्यावं लागतं. विमान विचित्र अवस्थेत गेलं तर ओळखायचं कसं आणि काढायचं कसं, एवढाच त्याचा विषय. तीन तास म्हणजे काहीच नाही, आणि तरी त्या तीन तासांनी माणूस बदलतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिलं आहे.

आपल्याकडे हे सुरू करायला बेंगळुरूसारखं शहर दुसरं नाही. हवाई दलाची चाचणी वैमानिकांची शाळा इथे आहे, विज्ञान संस्था इथे आहे, जक्कूरला १९४०च्या दशकापासून मुलं उडायला शिकत आली आहेत. स्पिनसाठी मान्यता असलेली, कसरतीच्या वर्गातली एक-दोन विमानं, पॅराशूट, आणि त्या विमानावर स्वतः पुन्हा तपासले गेलेले चार-पाच शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते. शिक्षकाची तपासणी दरवर्षी व्हावी, कारण शिक्षकाचा हातही विसरतो. बारामती, गोंदिया, धुळे इथून परवान्याच्या शेवटच्या टप्प्यातली मुलं आठवडाभरासाठी यावीत. पहिले दोन दिवस नुसता वर्ग: पंखावरची हवा, शेपूट, भारमध्य, पुस्तिका, उंचीचा हिशोब. डोळे मिटून क्रम तोंडानं म्हणता येईपर्यंत कुणालाही वर न्यायचं नाही. मग तीन उड्डाणं, वेगवेगळ्या दिवशी, पोट आणि डोकं स्थिर होण्याइतकं अंतर ठेवून.

या सभागृहात निवृत्त चाचणी वैमानिक बसलेले मला दिसत आहेत, आणि ज्यांनी शेपटाचे आकडे मोजले ते अभियंतेही. या कामाला शिकवणारी माणसं लागणार आहेत. अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा मी बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर मी दाराशी थांबतो. ज्यांना वर्गासाठी किंवा उड्डाणासाठी वेळ देता येईल त्यांनी हा आराखडा घेऊन जावा, त्यावर खुणा कराव्यात, आणि पंधरा दिवसांत मला परत द्यावा.